रस्त्याच्या अंगाले सोडलेला बरबटीचा वेल

इवाई,

पुस्तकात व्याही लिहितात. मी तुम्हाले तोंडाने कधी व्याही म्हटलं नाही, तर कागदावर कशाले म्हणू? माझी पोरगी तुमच्या घरात आली, एवढंच आपलं नातं. तेही आपण जोडलेलं नाही, त्या दोघांनी जोडलं आणि आपल्याले येऊन सांगितलं. एवढ्याशा नात्यावर आपण दोघं किती भांडलो!

घाटावर शोकसभेत तुमच्याबद्दल बोलणं झालं. कोणी तुमचा स्वभाव सांगितला, कोणी कुही गावाकडची तुमची धानाची शेती सांगितली. मलेही म्हणाले, दोन शब्द बोला. मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही उलटून बोलणार नाही अशा ठिकाणी तुमच्याबद्दल बोलायची मले सवय नाही. आता तुमची तेरवी झाली आहे, पाहुणे गेले आहेत, आणि मी माझ्या घरी बसून लिहून राहिलो. मले तुमच्या सांदवाडीबद्दल बोलायचं आहे. बाकीचं लोकांनी सांगितलंच.

गाव सोडून तुम्ही पोराकडे नागपूरले राहायले आले तेव्हा घरामागची, रस्त्याले लागून असलेली ती जागा म्हणजे मुरूम आणि विटांचे तुकडे. मी रविवारी बसनं पोरीले पाहायले येत होतो. येताना पाण्याची बाटली माझी, डब्यातली पोळी-चटणी माझी. तुम्ही ते पाहिलं आणि विचारलं,

"काहून गा इवाई, दवाखान्यात आले का?"

"पोरीच्या घरचं मी खात नाही, पेत नाही."

"अजी, लेकरू झाल्यावर चालते ते. तुमची नात कालेजात जाऊन राहिली आता."

"लोकाईचं चालत असन. माझं नाही."

त्याचं कारण तुम्हाले मालूम होतं. लग्नाच्या बैठकीत तुमचे धाकले भाऊ नामदेव सर्वांसमोर म्हणाले होते, मागवाल्याच्या घरी दोन्ही टाइम चूल पेटते का ते पाहून घ्या. मी हातमागावर लुगडी विणलेला माणूस. ताण्याचा धागा तुटला तर असा सांधत होतो की बोट फिरवलं तरी कळू नये. पण त्या दिवशीची गाठ मी मुद्दाम जाड ठेवली. पोरीच्या घरचा घोटभर पाण्याचाही उपकार नको.

दुसरा कोणी असता तर आग्रह करकरून मले हैराण केलं असतं. तुम्ही एकदा विचारलं आणि विषय सोडला. माझ्या बाजूले विटेवर बसून तुम्ही तुमचा चहा पेत, मी माझं पाणी. त्यासाठी मी तुमचा आभारी आहे, हे कधी बोललो नाही.

मग तुम्ही त्या मुरमात दाणे टाकले. पेरले असं मले म्हणवत नाही, टाकलेच. मी म्हटलं, शेतकरी माणूस असून वाफा नाही, ओळ नाही, हे काय? तुम्ही म्हणाले,

"जिंदगीभर धानाची चाकरी केली, इवाई. रोवणा करा, पानी राखा, निंदन करा. आता मायाजवळ जे आपल्या मनानं येते तेच राहीन. ज्याले मायी गरज नाही तेच मले पाह्यजे."

आणि खरंच तसंच लावलं तुम्ही. भिंतीच्या कडेले बरबटी, ती लांब शेंगांची चवळी. मोरीचं पाणी जाते तिथं धोप्याची, अळूची पानं. मायाळूचा वेल, आंबाडी, आणि पुस्तकात कोथिंबीर म्हणतात तो सांबार. मुंगन्याची, म्हणजे शेवग्याची, एक फांदी कोपऱ्यात खोसली, तिचं झाड झालं. वांग्याचं एक झाड तर तिसऱ्या वर्षीही उपटलं नाही, ते जाड बुंध्याचं होऊन भिंतीले टेकून बसलं. फवारा नाही, खत म्हणजे स्वयंपाकघरातली सालं. विणकराच्या डोळ्याले असं गुंतलेलं काही पाहवत नाही. मी म्हणत होतो, हे सांदवाडी आहे का रान?

"अर्धं सांदवाडी, अर्धं रान," तुम्ही म्हणायचे. "अर्धं आपलं, अर्धं त्याईचं."

त्याईचं म्हणजे कोणाचं, ते मले हळूहळू कळलं. सांबार फुलावर गेला की मी म्हणत होतो, म्हातारा झाला, उपटा. तुम्ही मले त्याच्यासमोर बसवलं आणि म्हणाले, घडीभर पाहा आणि मग सांगा. पांढरी पांढरी बारीक फुलं, आणि त्यावर मधमाश्या, बारीक माश्या, एक काळा भुंगा असा गुंगला होता की मी बोट जवळ नेलं तरी हलला नाही. मायाळूची जांभळी फळं तुम्ही बुलबुलासाठी सोडली आणि बुलबुलाने त्याचा हिशेब वाळत घातलेल्या चादरीवर केला. माझी पोरगी वैशाली चादर घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली. "पाहा, तुमच्या बुलबुलाचं काम!" तुम्ही म्हणाले, "धुऊन टाक वं माय, कच्चा रंग हाये. बापाले इचार, त्याले कळते." मले हसू आलं होतं, पण मी दाखवलं नाही.

धोप्याखाली फुटकं मडकं तुम्ही पालथं घालून ठेवलं होतं. त्यात एक भला मोठा बेडूक राहत होता. रात्री गोगलगायी आणि किडे खाते म्हणून तुम्ही त्याले चौकीदार म्हणत. मी आलो की त्याले सांगायचे, "उठा साहेब, इवाई आले, सलाम करा." एवढ्या वयाचा माणूस!

आता त्या वेलाची गोष्ट. ही मी कोणालेच सांगितली नाही.

बरबटीले पहिल्या वर्षी इतक्या शेंगा लागल्या की तुम्ही थैली भरून माझ्या हातात दिली. मी परत केली. पोरीच्या घरचं म्हणजे पोरीच्या घरचं, शिजलेलं असो का कच्चं. तुम्ही म्हणाले, शेंगा काही घर नाही. मी म्हटलं, ज्या मातीत आल्या ती माती घराची आहे. तुम्ही थैली घेऊन आत गेले. मले वाटलं, आपण जिंकलो.

पुढच्या खेपेले आलो तर वेलाचा अर्धा भाग वॉलकंपाऊंडवरून बाहेर, रस्त्याच्या अंगाले लोंबत होता. सुतळीनं नीट बांधून खाली सोडलेला. तुम्ही फाटकाशी उभे होते, आभाळाकडे पाहत.

"हे काय?" मी विचारलं.

"काय की बा. वेल हाये, वाट्टेल तिकडं जाते. आता रस्त्यावर गेला त तो सरकारचा झाला. सरकारी शेंगा कोनीबी तोडाव."

मी सुतळीची गाठ बोटानं चाचपून पाहिली. मग थैली उघडली आणि रस्त्यावर उभं राहून शेंगा तोडायले लागलो. समोरच्या घरातली बाई ओरडली, "ओ बाबा, लोकाईच्या शेंगा काहून तोडून राहिले?" आणि तुम्ही आतून काय म्हणावं? "तोडू द्या वं बाई, गरीब मानूस हाये." मी असा तापलो! आणि तुम्ही भिंतीच्या आड बसून खोकला येईपर्यंत हसून राहिले होते.

पण घरी नेल्या शेंगा. माझ्या बायकोने लसणाचं तिखट घालून केल्या. कुठून आणल्या म्हणून विचारलं तर मी म्हटलं, रस्त्यावर भेटल्या. खोटं बोललो नाही. दरवर्षी तुम्ही वेल बाहेर सोडत गेले आणि दरवर्षी मी सरकारच्या शेंगा नेत गेलो. माग बंद पडल्यापासून माझे हात रिकामे होते. रविवारी त्या हातांना काहीतरी तोडायले, बांधायले, सोडवायले भेटत होतं. मी तुमच्या सांदवाडीत गवत उपटत होतो आणि तुम्हाले शिव्या देत होतो. तुमच्या डोळ्यांसमोर मी सुतळीची सरळ रेघ ताणून आंबाडी लावली, ती तुम्ही सर्व पाहुण्यांना दाखवायचे. "ही इवायाची आंबाडी. कवायत करून राहिली पाहा."

यंदा त्या म्हाताऱ्या वांग्याच्या झाडावर इवलंसं पाखरू आलं. दोन पानं जवळ ओढून, चोचीनं भोकं पाडून, कापसाच्या तंतूनं शिवली आणि त्या खोळीत घरटं केलं. तुम्ही मले हात धरून तिकडं नेलं.

"पाहा विनकर, तुमच्यापेक्षा बारीक काम."

"हे विणणं नाही. शिवणं आहे. हे शिंपी झालं. विणायले ताणा लागते, बाणा लागते."

"येवढ्याशा चोचीनं तुम्ही टाका घालून दाखवा."

"टाका घालणं माझं काम नाही."

आपण त्यावर संध्याकाळपर्यंत भांडलो. पाखरू डोक्यावर बसून आपल्या दोघांवर ओरडत होतं. एवढासा जीव आणि आवाज केवढा!

शेवटचं भांडण पोळ्यानंतरचं. बरबटीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आला होता. शेंगाही काळ्या, चिकट, मुंग्यांची रांग लागलेली. मी म्हटलं, साबणाचं पाणी मारू, नाहीतर वेल हातचा जाते. तुम्ही म्हणाले, थांबा थोडे दिवस. मावा आला की त्याले खानारेही येतात. मी म्हटलं, कोण येणार, सरकार? तुम्ही म्हणाले, "तुमाले कायची घाई हाये, इवाई? तुमाले सारं आजच पाह्यजे." मी चिडलो आणि शेंगा न घेता बस धरली. तुम्ही फाटकापर्यंत आले होते. मी मागं वळून पाहिलं नाही, कारण पुढच्या रविवारी यायचंच होतं.

पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही थांबले नाही. मले घाई म्हणणारे तुम्ही.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी आलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तुमचे नामदेव गावाहून आल्यापासून सारा कारभार पाहत होते, मंडपवाल्यावर ओरडत होते, आचाऱ्यावर ओरडत होते. मी पोरीले भेटून मागं गेलो. थोड्या वेळानं नामदेव हातात विळा घेऊन मागं आले. त्यांच्या मनात होतं की सांदवाडी सपाट करायची, वेल ओढून काढायचा, वर मुरूम टाकायचा आणि तिथं पंगत बसवायची. घरासमोर भजनवाले बसणार होते. मी काही ठरवलं नव्हतं, इवाई. पाय आपोआप गेले आणि मी बरबटीच्या समोर उभा झालो.

"सरका इवाई, वेल काढतो."

"नाही."

"नाही म्हंजे? उद्या मानसं कोठी बसवू? तुमच्या डोक्यावर?"

मी पाठ वेलाले टेकवली.

"पोरीकडच्यानं तेरवीच्या कामात बोलू नये, येवढं त मालूम असन तुमाले."

"मी बोलूनच नाही राहिलो," मी म्हटलं. "मी उभा हाये."

वैशाली दारात आली. बापाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. "काका, हे जिद्दीवर आले का हटत नाही. मी ओळखते. उद्या पंगत याईच्या भोवतालच बसवा लागन."

नामदेव समोर, मी इकडं. उभ्या उभ्या माझं लक्ष वेलाकडे गेलं. शेंडे हिरवेगार होते. काळा मावा कुठं उरला नव्हता. पानापानावर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्याचे किडे फिरून राहिले होते, पोटं भरलेले, सुस्त. तुम्ही बरोबर होते. ते खाऊन गेले सारं, आणि मी ते कोणाले सांगावं? तुम्ही असते तर नाक वर करून उभे राहिले असते आणि मी म्हटलं असतं, पावसानं धुतलं असेल. आता कोणाजवळ खोटं बोलावं, तेही कळत नव्हतं.

तेवढ्यात तुमचा पोरगा प्रकाश आला. "मामाजी, काय झालं?"

जवायाजवळ काही मागायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि माझ्याकडे तर तो दुप्पट. लग्न झाल्यापासून त्याच्याकडे मी टाचणी मागितली नव्हती. नामदेव पाहत होते. मी म्हटलं,

"जवाईबापू, एक मागतो. हे राहू द्या."

एवढंच आलं तोंडातून. कारण सांगता येईना, म्हणून मी वेल हातानं बाजूले केला आणि वांग्याचं ते शिवलेलं पान दाखवलं. आत पिल्लं होती. सावली पडली तसं सगळ्यांनी चोची उघडल्या. आई आली असं वाटलं असेल त्यांना.

प्रकाश वाकला. नामदेवही वाकले. मग नामदेवच बोलले, आणि हळू आवाजात बोलले.

"भाऊ बांधीत असाच करे. धान कापता कापता घरटं सापडलं का भोवतालचं कापायचं आन् मधातलं उभं ठेवायचं. सारी बांधी मोकळी आन् मधात टोपलीयेवढं धान उभं. लोकं हासत. मी येकडाव ते बी कापून टाकलं, त भाऊनं मले पायतानानं हानलं होतं."

ते हसले. हसता हसता विटांवर बसले आणि इतके दिवस साऱ्यांवर ओरडत फिरलेला तो माणूस विळा मांडीवर ठेवून लेकरासारखा रडला. मी काय करावं? माझ्या हातात माझी बाटली होती. ती पुढं केली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या घरचं हाये?"

"हाव."

त्यांनी ती रिकामी होईपर्यंत पाणी पेलं. तोंड पुसलं आणि मंडपवाल्याले हाक मारली, ताडपत्री रस्त्यावर ताण म्हणून.

म्हणून तुमच्या तेरवीची पंगत रस्त्यावर बसली, इवाई. लेआऊटच्या रस्त्यावर, तुमच्या वॉलकंपाऊंडच्या बाहेर, वर ताडपत्री, बाजूले शेंगा लोंबून राहिलेल्या. मी एका कडेले उभा होतो. वैशाली वाढायले निघाली होती. माझ्यासमोर पत्रावळ टाकली आणि म्हणाली, "बसा बाबा. सरकारी रस्ता हाये."

तिले पहिल्यापासून सारं मालूम होतं. तुम्ही सांगितलं असेल, किंवा खिडकीतून पाहिलं असेल. मी बसलो. कोहळ्याची भाजी तिनं आचाऱ्याले करू दिली नव्हती, स्वतः केली होती. मी पहिला घास घेतला आणि मग मले मान वर करता येईना. तिच्या हाताले तिच्या मायची चव आली आहे. कधी आली, मले मालूम नाही. किती वर्षं मी तिच्या दारात माझी पोळी-चटणी खात बसलो. हे तुम्ही रोज खात होते, आणि मले एकदाही सांगितलं नाही की इवाई, तुमच्या पोरीच्या हाताले अशी चव आहे. सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. म्हणूनच नाही सांगितलं तुम्ही, हेही मले समजते.

गाठ सोडली असं मात्र समजू नका. मी रस्त्यावर जेवलो. घरात नाही.

आपले वाद तसेच राहिले. पाखरू विणते का शिवते, याचा निकाल लागला नाही, आणि माझ्या मते ते शिवतेच. सांदवाडीत ओळी पाहिजेत, हेही माझं मत तेच आहे. माव्याचं तेवढं तुमचं. तेवढं एक घेऊन जा.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी थैली घ्यायले मागं गेलो. प्रकाश तिथं एकटाच उभा होता, टोपी काढलेली, मुंडण केलेलं डोकं उघडं. तो कधी सांदवाडीत आलेला मी पाहिला नव्हता. ड्यूटीवरून यायचा, गाडी लावायचा, घरात जायचा. पानाकडे पाहत होता. मी बाजूले जाऊन उभा राहिलो.

"मामाजी," त्यानं विचारलं, "बाबा या पाखराले काय म्हनत?"

तुमच्याकडे, धानाच्या गावात, याले काहीतरी नाव असेल. तुम्हाले ते येत असेल. मी तर त्याले शिंपी म्हणून चिडवत राहिलो, आणि तुमचं नाव विचारायचं म्हणजे मले नाही येत असं कबूल करायचं, म्हणून विचारलं नाही.

"मालूम नाही बापू," मी म्हटलं. "मी कधी इचारलं नाही."

"मीबी नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात ते पाखरू आलं. चोचीत एक हिरवी अळी. भिंतीवर बसलं आणि आम्हा दोघांवर ओरडायले लागलं, इकडून तिकडं उड्या मारून राहिलं, पण घरट्याकडे काही जाईना. आत पिल्लं उपाशी, आणि आम्ही दोघं खांबासारखे मधात.

प्रकाशनं माझा हात धरला. आम्ही मागं सरकलो, अजून थोडे सरकलो, पार दारापर्यंत. मग ते गेलं आत.